मुधोळच्या पिल्लाची साखळी

मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी ज्या शिकारी श्वानवंशाला राजाश्रय दिला, त्या वंशाचे पिल्लू आज हौसेने आणून, ते वाड्याची राखण करील एवढ्याच भरवशावर त्याला पहिल्या दिवसापासून साखळीच्या कैदेत ठेवणे, हा त्या मुक्या जिवावर उघड अन्याय आहे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारणतः चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन जे पाहील ते आपलेसे करते. तो काळ निसटला की, मुळातच बुजऱ्या असलेल्या या जातीला प्रत्येक परका माणूस वैरी भासू लागतो. म्हणून आठ आठवडे त्याला आईपाशी राहू द्यावे, आणि पुढे लसी पुऱ्या होईतो कडेवर घेऊन बाजार, एस.टी., पोरांचा गलका दाखवण्याची तजवीज करावी.

आमच्या पिल्लाने प्रथम शेळी पाहिली तेव्हा त्याचे कान टवकारले, पाठ धनुष्यासारखी ताणली गेली. पण हाक ऐकताच ते वळले, आणि त्याच क्षणी भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात पडला. १९७२च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला मनाई झाली, तरी नजरेने सावज हेरून सुसाट सुटण्याची या रक्तातली ओढ कायम आहे, आणि तिला आवरणारा ‘ये’ हा हुकूम छडीने कधीच शिकवता येत नाही, कारण मार खाल्लेले पिल्लू हाकेसरशी दूर पळते.