इंजिनाचे सी.सी. आणि जमिनीचे क्षेत्र

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या शेतकरी बंधूंत हल्ली मोटारीच्या गोष्टी पुष्कळ ऐकू येतात. त्यांत एक प्रश्न ठरलेला असतो : ‘गाडी किती सी.सी.ची ?’ आकडा मोठा निघाला म्हणजे गाडी जोरदार, अशा समजुतीने कर्जाच्या कागदावर सही होते. ही समजूत अपुरी आहे, हे दाखविणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सी.सी. म्हणजे घनसेंटिमीटर. दट्ट्या सिलिंडरात वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरकताना जेवढी जागा मोकळी होते, ती मोजून सिलिंडरांच्या संख्येने गुणिली की हा आकडा येतो. मारुतीच्या २०२३ साली निघालेल्या फ्रॉन्क्स गाडीचे उदाहरण घेऊ. तिच्या एका इंजिनात चार सिलिंडर असून प्रत्येकाचा व्यास ७३ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ७१.५ मिलिमीटर आहे. हिशेब ११९७ सी.सी.चा होतो. दुसरे इंजिन तीन सिलिंडरांचे. व्यास तोच, धाव ७९.५, एकूण ९९८ सी.सी.

आता नवल पाहा. ११९७चे इंजिन सुमारे ९० अश्वशक्ती देते, तर ९९८चे सुमारे १००. चाक फिरविण्याचा पीळ, ज्यास टॉर्क म्हणतात, तो पहिल्यात ११३ न्यूटन-मीटर, तर दुसऱ्यात सुमारे १४८. याचे कारण लहान इंजिनास टर्बो जोडलेला आहे. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने फिरणारी ही चक्री सिलिंडरात हवा दाबून भरते. अधिक हवेबरोबर अधिक इंधन जळते व तेवढ्याच जागेतून अधिक काम निघते.

आमचे आयुष्य महसुलाच्या दप्तरात गेले; म्हणून आम्हांस सातबारा आठवतो. उताऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, पण तेवढ्यावरून पीक ठरत नाही. दोन हेक्टर जिराईतापेक्षा एक हेक्टर बागाईत पुष्कळदा अधिक देते. सी.सी. हे इंजिनाचे क्षेत्र होय, आणि टर्बो हे त्याचे पाटाचे पाणी. जमिनी एकाच प्रतीच्या असल्या तर मोठे क्षेत्र अधिक पिकते, हेही तितकेच खरे.

मग सरकार सी.सी.च का विचारते ? क्षेत्र मोजण्यास सोपे व वादातीत, म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून, चार मीटरांहून लांब नसलेल्या आणि पेट्रोलच्या १२०० किंवा डिझेलच्या १५०० सी.सी.पर्यंतच्या मोटारीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यापुढील मोटारींवर ४०. वरील ११९७चा आकडा त्या रेघेच्या किंचित अलीकडे बसतो. तृतीय पक्ष विम्याचा हप्ताही १००० व १५०० सी.सी.च्या पायऱ्यांनी चढतो. सारांश, सी.सी.वरून आपण काय द्यावयाचे ते कळते; गाडी आपणास काय देईल ते कळत नाही.

यास्तव आमची सूचना अशी की, सी.सी., अश्वशक्ती, टॉर्क आणि तो मिनिटास किती फेऱ्यांवर मिळतो, हे चारही आकडे विक्रेत्याकडून लिहून घ्यावेत. मग घरची चार माणसे बसवून स्वारगेटहून सातारा रस्त्याने कात्रजचा घाट चढून पाहावा, आणि नंतरच सही करावी. कर्ज फेडावयाचे ते पिकावर. आकड्याच्या थाटावर ते फिटत नाही.