नैराश्याचा रक्तातला माग

कोविडकाळात वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात रुग्णालय उभे राहिले, तेव्हा सीआरपी ही रक्तचाचणी नवी मुंबईत घरोघरी माहीत झाली. शरीरातला दाह मोजणाऱ्या या चाचणीचा नैराश्याशीही संबंध आहे. हेपटायटिस-सीवर, दाह चेतवणाऱ्या इंटरफेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या अनेकांना नैराश्य ग्रासत असे, हे डॉक्टरांना जुनेच ठाऊक होते. २०१३ मध्ये अमेरिकेत ९२२ जणांच्या रक्तातील जनुकांची सक्रियता तपासली, तेव्हा नैराश्यग्रस्तांत याच इंटरफेरॉनशी निगडित जनुके जास्त सक्रिय आढळली. फरक थोडाच, पण ‘मनाचे खेळ आहेत, मन घट्ट कर’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी तो ऐकावा.

त्याच वर्षी, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहविरोधी औषधाची चाचणी घेतली गेली. सरसकट फायदा झाला नाही. मात्र ज्यांचा सीआरपी लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर होता, त्यांच्यात सुधारणेची चिन्हे दिसली. नैराश्य सर्वांचे एकाच जातकुळीचे नसते, ते असे.

यावरून उद्या कोणी ‘नैराश्याची रक्तचाचणी’ म्हणून पॅकेज विकू लागला, तर खिसा सांभाळा. सीआरपी साध्या तापानेही वाढतो, लठ्ठपणानेही. निदान अजून रुग्णाशी बोलूनच होते. महापालिकेने आपल्या रुग्णालयांच्या केसपेपरवर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा; त्याला संशोधनाची वाट पाहायला नको.