बीट डिझेल स्वस्तात मिळतेय? धंद्यासाठी घेण्याआधी हे वाचा



धंदा सुरू केला की दोन-चार महिन्यांत प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार येतो. रिक्षावर किती पैसे घालवायचे? एक छोटी जुनी गाडी घेऊन टाकू. मग कांदिवलीत चारकोपपासून ठाकूर व्हिलेजपर्यंत चौकशी सुरू होते आणि कोणीतरी सांगतं, "शेव्हरले बीट आहे, डिझेल, सिंगल हँड, एसी चिल्ड, कागद क्लिअर. याच वर्षाच्या वॅगन-आरपेक्षा किती स्वस्त पडतेय बघा!"

मी आधीच सांगून टाकतो. धंद्यासाठी ही गाडी घेऊ नका. गाडी वाईट होती म्हणून मी हे म्हणत नाही. चांगली कंडिशन असली तरी घेऊ नका. ती स्वस्त का आहे हे समजून घेतलंत, तर उद्या मशीन घेताना, फ्रीजर घेताना, अगदी बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतानाही उपयोगी पडेल.

बीट भारतात आली जानेवारी २०१० मध्ये. ती बनायची आपल्याच पुणे जिल्ह्यात, तळेगावला, जनरल मोटर्सच्या कारखान्यात. पाठोपाठ जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलच्या दरावरचं नियंत्रण काढलं, डिझेलवरचं मात्र ठेवलं. दोन्हींच्या भावात मोठी दरी पडली आणि सगळ्यांना डिझेल गाडी हवीशी वाटायला लागली. २०११ मध्ये कंपनीने ९३६ सीसीचं, तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन घालून बीट आणली. एवढ्या छोट्या गाडीत डिझेल, आणि कागदावर लिटरला २४ किलोमीटर. गाडी खपली, आणि खपणारच होती.

पुढे दोन गोष्टी घडल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही मोकळे झाले आणि ज्या फरकासाठी लोकांनी जास्त पैसे मोजून डिझेल घेतलं होतं तो आकसत गेला. मग २०१५ हे वर्ष कंपनीला जड गेलं. जुलैमध्ये स्पार्क, बीट आणि एन्जॉय मिळून दीड लाखाहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण होतं रिमोट चावीचं युनिट. डिसेंबरमध्ये पुन्हा रिकॉल, आणि या वेळी तो खास बीट डिझेलचाच होता. क्लच पेडलच्या लिव्हरमध्ये दोष निघाला होता, गाड्या एक लाखाहून जास्त. आता रोज बोरिवली ते गोरेगाव लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये क्लच किती वेळा दाबावा लागतो, ते तुम्हाला सांगायला नको.

पण रिकॉलमुळे गाडी वाईट ठरत नाही. चूक कबूल करून फुकट दुरुस्त करून देणारी कंपनी मला तरी बरी वाटते. बीट घ्यायला कोणी निघालाच, तर क्लचचं ते काम झालंय का एवढं त्याने सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बघावं.

खरा घाव पडला मे २०१७ मध्ये. वर्षअखेरीस भारतात गाड्या विकणं बंद करतोय, असं जनरल मोटर्सने जाहीर केलं. वॉरंटी पाळू, सर्व्हिस आणि पार्ट देत राहू, असंही सांगितलं. पण बाजार असल्या आश्वासनावर चालत नसतो. काल पूर्ण पैसे मोजून गाडी घेतलेल्या माणसाची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही न बिघडता स्वस्त झाली. तळेगावचा कारखाना परदेशी पाठवायच्या गाड्यांसाठी आणखी काही वर्षं चालला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबला. २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. म्हणजे बीटचं जन्मघरसुद्धा आता दुसऱ्याच्या नावावर आहे.

आता तुम्ही म्हणाल, "सर, कंपनी गेली म्हणून काय झालं? प्रीमियर पद्मिनी बंद झाल्यावरही टॅक्सी वर्षानुवर्षं धावलीच की!"

मुद्दा बरोबर आहे. पद्मिनी बनायची आपल्या कुर्ल्यात. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑगस्ट २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर, टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली म्हणून, रस्त्यावरून उतरली. कंपनी मागे उभी नसताना ही गाडी टिकली कशी? एकाच शहरात एकाच मॉडेलच्या हजारो गाड्या होत्या, आणि रोज चालणाऱ्या होत्या. पार्टला गिऱ्हाईक ठरलेलं असल्यामुळे पार्ट बनवणारे होते, विकणारे होते आणि डोळे मिटून इंजिन उघडणारे मेकॅनिक होते. त्यात ती कार्ब्युरेटरची गाडी, अडलं तर पाना आणि स्क्रूड्रायव्हरवर काम भागायचं.

बीटचं तसं नाही. इंजिनाचा मेंदू, म्हणजे ईसीएम, इलेक्ट्रॉनिक आहे. टर्बो आहे, इंजेक्टर आहेत, सेन्सर आहेत. शिवाय उरलेल्या गाड्या देशभर विखुरलेल्या.

हे धंदेवाल्याच्या नजरेने बघा, लगेच कळेल. समजा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तुमचा प्लास्टिक मोल्डिंगचा गाळा आहे आणि एका गाडीच्या हेडलाइटच्या हाउसिंगचा साचा तुमच्याकडे पडलाय. तो मशीनवर चढवायचा, सेटिंग करायचं, पहिले काही नग वाया घालवायचे. हा खर्च पन्नास नगांना तेवढाच आणि पाच हजार नगांना तेवढाच. कंपनीची ऑर्डर असताना तुम्ही आनंदाने चढवाल. पण वर्षाला चाळीस नग मागणारं गिऱ्हाईक आलं तर? साचा तसाच कोपऱ्यात राहणार. आकुर्ली रोडला महिंद्राच्या कारखान्याशेजारी वाढलेल्या कांदिवलीकरांना व्हेंडर कसा विचार करतो हे समजावून सांगायची गरज नाही. इथे कोणी कोणाला फसवत नाही, फक्त हिशोब जुळत नाही.

म्हणून होतं असं की झिजणारे पार्ट, म्हणजे फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बाहेरच्या कंपन्यांचे मिळून जातात. अडतं ते कधीतरी लागणाऱ्या पार्टवर. हेडलाइट, बंपर, दाराची काच, एसीचा कॉम्प्रेसर, ईसीएम. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जायचं आणि भंगारात निघालेल्या गाडीचा काढलेला पार्ट शोधायचा. मिळतो कधीकधी. त्याच्यावर वॉरंटी मात्र कोणी देत नाही.

घरच्या गाडीला हे चालतं. गाडी आठवडाभर उभी राहिली तर आपण लोकलने जाऊ. धंद्याच्या गाडीचं काय होतं, ते मांडून बघू.

समजा महावीर नगरच्या आसपास तुमचा डब्यांचा धंदा आहे. चाळीस गिऱ्हाईकं, प्रत्येकी महिना ३,००० रुपये. बीट आणि चालू कंपनीची त्याच वयाची गाडी यांत ७०,००० रुपयांचा फरक आहे असं धरू. (आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.) एक पार्ट मिळेना म्हणून गाडी सहा दिवस गॅरेजमध्ये. रोज १,२०० रुपये देऊन टेम्पो किंवा दुसऱ्याची गाडी लावली तर ७,२०० गेले. इथपर्यंत सगळेच मोजतात आणि म्हणतात, ७०,००० वाचवले त्यातले ७,२०० गेले, काय बिघडलं?

बिघडतं ते पुढे. त्या सहा दिवसांत दोनदा डबा एक वाजताच्या ऐवजी पावणेदोनला पोचला. ऑफिसात काम करणारा माणूस एकदा ऐकून घेतो, दुसऱ्यांदा बोलत नाही, पुढच्या महिन्यापासून डबा बंद करतो. अशी सहा गिऱ्हाईकं गेली तर महिन्याला १८,००० ची उलाढाल गेली. उलाढाल म्हणजे नफा नव्हे हे मान्य. हातात राहणारे निम्मे धरले तरी महिन्याला ९,००० झाले. आठ महिन्यांत ७२,००० जातात आणि गाडीत वाचवलेले पैसे संपतात. त्यात डबा बंद करताना कोणी तुम्हाला "गाडीमुळे बंद केला" असं सांगत नाही, त्यामुळे हा खर्च तुमच्या वहीत कधी दिसतच नाही.

त्यात डिझेल. कांदिवलीत दीड-दोन किलोमीटर जायचं, थांबायचं, परत सुरू करायचं, अशी धाव डिझेल इंजिनाला मानवत नाही. ते नीट तापतच नाही, ईजीआरमध्ये काजळी साचते, पिकअप पडतो. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर हायवेला असाल तरच डिझेलला अर्थ आहे. पोयसर ते चारकोप फिरवायला नाही.

एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीची विम्याची पॉलिसी काढून वाचा. वापरावरच्या मर्यादा असं कलम असतं. त्यात भाड्याने चालवणं बसत नाही, आणि नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून माल वाहणंही बसत नाही. तुमचे चाळीस डबे म्हणजे माल. अपघात झाला, सर्व्हेअरने फोटो काढले, मागच्या सीटवर डब्यांचे क्रेट दिसले, की क्लेम अडकू शकतो. एजंट तोंडी "काही होत नाही हो" म्हणेल. त्याला म्हणा, तेवढं ईमेलवर लिहून द्या. रोज माल न्यायचाच असेल तर माल वाहतुकीचं पासिंग असलेली जुनी ईको कार्गो किंवा तीनचाकी टेम्पो बघा. दिसायला रुबाब नसेल, पण विमा खरा असेल.

"गाडी खराब निघाली तर तक्रार करू की" असाही एक भरवसा असतो. तोही तपासून घ्या. १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलवण्याचा सक्तीचा नियम आलाय, पण तो बनून सात वर्षं न झालेल्या गाड्यांसाठी. विक्रीच बंद होऊन जिला इतकी वर्षं झाली ती बीट त्यात बसत नाही. राहिला ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक धरला जात नाही. मात्र स्वतः राबून, फक्त पोटापाण्यासाठी वस्तू वापरणाऱ्याला सूट आहे, म्हणजे डबेवाल्या ताईंना आयोगाचं दार उघडं असू शकतं. पण गाडी डीलरऐवजी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांकडून घेतली असेल, तर ते काही व्यापारी नव्हेत. तिथे तुमचं संरक्षण म्हणजे घेण्याआधी तुम्ही केलेली तपासणी.

तपासणी कुठल्याही जुन्या गाडीची करावीच. इंजिनाचं मेकॅनिक बघेल. तुम्ही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती. २९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस आठवतो ना? कार्पेट उचलून सीटची पटरी बघा, गंज खोटं बोलत नाही. इथल्या जुन्या गाड्यांना एमएच-०२ नंबर असतो, बोरिवली आरटीओचा एमएच-४७ नंतर आला, त्यामुळे नंबर बघून बिचकू नका. आरसीची तारीख मात्र बघा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, २०१२ ची गाडी घेतलीत तर २०२७ ला पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर तुमच्या खिशातून. कर्जाचा बोजा उतरलाय का, ई-चलन बाकी आहे का, नवीन सुरक्षा पाटी बसवलीय का, हे घरबसल्या ऑनलाइन दिसतं. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

आणि टोकन देण्याआधी एक काम करा. त्या गाडीचा हेडलाइट, एसी कॉम्प्रेसर आणि ईसीएम, या तीन पार्टांसाठी तीन दुकानांना फोन लावा. "आहे, संध्याकाळी घेऊन जा" असं उत्तर आलं तर पुढे बोला. "बघून सांगतो" आलं तर गाडी कितीही चमकत असो, सोडून द्या. ही कसोटी फक्त बीटला नाही. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. प्रत्येकीची परिस्थिती वेगळी आहे, म्हणून ऐकीव गोष्टींवर न जाता फोन लावा.

ज्यांच्याकडे बीट आधीच आहे आणि धंद्याला लागलीय, त्यांनी घाबरून मातीमोल विकू नये. चालतेय तोवर चालवा. फक्त शेव्हरले उघडायची सवय असलेला एक मेकॅनिक धरून ठेवा, एखादा हेडलाइट चांगला मिळाला तर घेऊन माळ्यावर टाका, आणि ऐनवेळी डबे नेणाऱ्या दोन टेम्पोवाल्यांशी आजच दर ठरवून ठेवा. जुना पार्ट बसवलात तर त्याचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी शोधताना तोच कामाला येतो.