चार किलोमीटरवरचे हिमक्षेत्र

जालना जिल्ह्यात हिमवर्षाव होत नाही. तरीही पाणी गोठविणारी थंडी या जिल्ह्यापासून फार दूर नसते. उंचीनुसार हवा थंड होत जाते आणि ज्या पातळीवर तापमान शून्य अंश सेल्सिअसला येते, तिला गोठणपातळी म्हणतात. हिवाळ्याच्या अखेरीस मराठवाड्यावर ही पातळी साधारणतः चार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एखाद्या वाडीपासून आठवडी बाजार जेवढा लांब तेवढ्याच अंतरावर, परंतु सरळ वर असते. गारपीट म्हणजे त्या हिमक्षेत्राचे काही मिनिटांसाठी जमिनीवर उतरणे होय.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन तापू लागलेली असते, समुद्रावरून आर्द्र वारे येतात आणि त्याच वेळी पश्चिमी झंझावात, म्हणजे भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणारी कमी दाबाची प्रणाली, वरच्या थरांत थंड हवा आणते. या विषम थरांमुळे दहा किलोमीटरहून उंच गर्जन्मेघ उभे राहतात. त्यांतील ऊर्ध्वगामी प्रवाह पाण्याचे थेंब गोठणपातळीच्या वर नेतात. तेथे शून्याखालीही द्रवरूप राहिलेले पाणी, म्हणजे अतिशीत जल, हिमकणावर आदळून गोठते आणि गारेवर थरामागून थर चढतात. प्रवाहाला भार पेलेनासा झाला की गार कोसळते. पावसाळ्यात गोठणपातळी अधिक उंच असल्याने बहुतेक गारा वाटेतच वितळतात.

या घडामोडीचे परिमाण थक्क करणारे आहे. एका चौरस किलोमीटरवर १० मिलिमीटर पाणी पडते तेव्हा त्याचे वजन १० हजार टन भरते, आणि एवढा भार ढगाने टप्प्याटप्प्याने अधांतरी तोललेला असतो. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद परिसरात ३० एप्रिल १८८८ रोजी गारपिटीने २४६ जणांचा बळी घेतला. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत हा आजही उच्चांक आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारी अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट होत राहिली, तर ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालन्यासह मराठवाडा आणि विदर्भाच्या काही भागांना तिने झोडपले.

फेब्रुवारी-मार्चचा हा काळ नेमका रब्बीच्या सुगीचा असतो. गहू आणि हरभरा काढणीला आलेला असतो, जालना जिल्ह्यातील कडवंची गावच्या मळ्यांत द्राक्षांचे घड भरलेले असतात आणि मोसंबीच्या बागांत आंबे बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीचा फुलोरा, धरलेला असतो. पीक आडवे झाले तर तो हंगाम जातो. परंतु मोसंबीच्या झाडाच्या सालीला झालेल्या जखमांतून रोगाचा शिरकाव झाल्यास नुकसान पुढील बहारांपर्यंत लांबते.

कार्यकारणभाव उलगडल्याने या शक्तीविषयीचा विस्मय ओसरत नाही, उलट तो नेमका होतो. गारपीट होण्याची शक्यता हवामान विभागाला जिल्ह्यासाठी आधी सांगता येते, मात्र अरुंद पट्ट्याने सरकणारा तो मारा कोणत्या शिवारावर पडेल हे सांगता येत नाही. बांधाच्या एका बाजूला पीक भुईसपाट होते आणि दुसऱ्या बाजूला ते उभे राहते. म्हणूनच प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती मानली गेली; महाराष्ट्रात २०२५ मध्ये हे संरक्षण वगळले जाईपर्यंत तिच्यासाठी महसूल मंडळाची सरासरी न धरता वैयक्तिक शेताची पाहणी होत असे, आणि त्यासाठी ७२ तासांत सूचना द्यावी लागत असे. निसर्गाच्या सामर्थ्यापुढे नमणे म्हणजे हतबल होणे नव्हे, तर त्याच्या मापाने आपले नियम आखणे होय.