सब की डब?

आमच्या हॉस्टेलवर दोन पक्ष आहेत, सबवाल्या आणि डबवाल्या. मी पक्की सबवाली. जपानी ॲनिमे जपानीतच ऐकायचं आणि खाली इंग्रजी वाचायचं. हिंदी डब बघणारी म्हणजे अजून शिनचॅनमध्येच अडकलेली, असं आमचं (उगाचच) मत. शनिवारी कॉमन रूममध्ये सिनेमा लागतो, तिथेही नियम एकच: ओन्ली सब. हा नियम मीच भांडून करून घेतला होता. तो बदलावा असं आता मीच लिहितेय, तेही मराठीत. (कॉन्व्हेंटवाली आहे, ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळलंय.)

आधी माझ्या पक्षाची बाजू. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' घ्या. १९८८ चा, स्टुडिओ जिब्लीचा, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. १९४५ मध्ये कोबे शहरावर बॉम्ब पडतात, आई जाते, आणि १४ वर्षांचा सेइता ४ वर्षांच्या सेत्सुकोला घेऊन जगायची धडपड करतो. डबवाल्या म्हणतात, कार्टूनला कसला आलाय मूळ आवाज? जपानी आवाजही मागून चिकटवलेलाच ना! खरं आहे. जपानमध्ये साधारणपणे चित्रं आधी आणि आवाज नंतर. पण सेत्सुकोचा आवाज खरोखरच ५ वर्षांच्या मुलीचा आहे, आणि तिचे संवाद आधी रेकॉर्ड केले होते. १९९८ च्या इंग्रजी डबमध्ये तेच काम एका मोठ्या बाईंनी केलं. बाई कलाकार चांगल्या असतील हो, पण लहान मूल वाक्याच्या मध्येच दम घेतं, ते कुठून आणणार? शिवाय ही भावंडं तिकडची कानसाई बोली बोलतात. डबमध्ये ती गेलीच. कोल्हापूरच्या पोराला आकाशवाणीच्या बातम्यांचं मराठी बोलायला लावा, तसं.

एवढं सगळं भाषण मी ठोकलं आणि लाइट बंद केले.

माझी रूममेट आटपाडीची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. एम-थ्री आम्हा सगळ्यांना तिनेच शिकवलं. वीस मिनिटांत ती उठली. मी म्हटलं, "काय गं, रडू आवरेना का?"

"रडायला आधी वाचून तर झालं पाहिजे," ती म्हणाली.

दोन ओळी, फार तर सहा-सात सेकंद. मला कधी जाणवलंच नाही, कारण मला ते वाचावं लागत नाही, ते आपोआप आत जातं. त्याला मी इतकी वर्षं 'चांगली टेस्ट' समजत होते! आणि दारात थांबून तिने विचारलं, "ती दादाच म्हणतीय नव्हं त्याला?"

हो. 'नीचान'. म्हणजे दादाच. इंग्रजीत मोठ्या भावाला हाक मारायला असा शब्दच नाही. तीन वेळा बघूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं, डोळे सगळे खालच्या ओळींवर!

म्हणजे कान तिचा माझ्यापेक्षा तयार, आणि बाहेर तीच गेली. मूळ आवाज ऐकायला हवाच, यावर मी अजून ठाम आहे. पण इंग्रजी हे त्याचं तिकीट का असावं? तोवर एक शनिवार सबचा, एक हिंदी डबचा, असं व्हावं. नाकं मुरडणाऱ्यांनी त्या दिवशी सबमिशन पूर्ण करावं.

आणि 'तोवर' का म्हटलं, तर मराठी सबटायटल्स आपणच करू शकतो. एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. क्रमांक, वेळ, खाली ओळ, बस्स. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या असाइनमेंटलाही याहून जास्त डोकं लागलं होतं. आम्ही दोघी बसलोय. मी इंग्रजी वाचते, ती मराठी सांगते. पहिली वीस मिनिटं झालीत. सेत्सुकोच्या डब्यातल्या फळांच्या गोळ्यांना मी 'कँडी' लिहिलं होतं, तिने खोडून 'लिमलेट' केलं. उरलेल्यासाठी कोणी येतंय का? रूम नंबर २१४, मेसनंतर.