उठा, जरा चाला!

गेल्या दिवाळीत मी आईबाबांना एकेक स्मार्टवॉच घेतलं. दोन्ही सारखीच. आयटीतल्या मुलाने आईबाबांना काय द्यायचं हे हल्ली ठरलेलंच असतं (बीपीचं मशीन देऊन झालं होतं). आईचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी तिला 'रोज दहा हजार पावलं चाला' असं सांगितलेलं. मी दोघांच्याही घड्याळात तेवढंच ध्येय लावलं आणि पुण्याला परत आलो.

पंधरा दिवसांनी आईचा फोन. "अरे, मी फारच आळशी झालेय बहुतेक. तुझ्या बाबांचे रोज दहा हजार होतात. माझे चारच्या वर जातच नाहीत."

बाबा रिटायर्ड आहेत. सकाळी मित्रांबरोबर कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर दीड तास फिरतात, येताना दूध आणि पेपर आणतात, आणि मग जेवणापर्यंत तोच पेपर वाचतात. आई साडेपाचला उठते. नळाला पाणी आलं की भरून घेते, स्वयंपाक करते, फरशी पुसते, धुणं वर गच्चीत नेऊन वाळत घालते. शिवाय अंथरुणाला खिळलेली आजी आहे. तिला कुशीवर वळवणं, उठवून बसवणं, अंघोळ घालणं, भरवणं. आणि ही बाई मला सांगते की ती आळशी झालीय, कारण मी दिलेल्या घड्याळाने तिला तसं सांगितलं.

ध्येय पूर्ण व्हावं म्हणून तिने रात्री जेवणं आटोपल्यावर गच्चीत फेऱ्या मारायला सुरुवात केली होती. दुखऱ्या गुडघ्यांनी, रोज तासभर. हे मला महिनाभराने कळलं, तेही बाबांकडून. कौतुकाने सांगत होते.

पुढच्या सुट्टीत मी घरी जाऊन तिच्या मागेमागे वही घेऊन फिरलो. पोळ्या लाटताना घड्याळाने तिला साठेक पावलं दिली. एका जागी उभी राहून! ओल्या कपड्यांच्या दोन बादल्या घेऊन ती जिना चढली तेव्हा निम्म्या पायऱ्याही मोजल्या गेल्या नाहीत. आजीच्या अंघोळीला पाऊण तास गेला, त्यात आई घामाघूम झाली, पावलं जेमतेम तीस. नंतर ती आजीजवळ बसून तिला पेज भरवत होती तर मनगट थरथरलं. पडद्यावर मजकूर: उठा, जरा चाला!

यात घड्याळ बिघडलेलं नाही. घड्याळाला पाय दिसतच नाहीत. त्यात अ‍ॅक्सिलरोमीटर नावाची चिप असते, ती तीन दिशांचं त्वरण सेकंदाला अनेकदा मोजते. माणूस हात मोकळे सोडून चालला की त्या आकड्यांमध्ये एक लय दिसते, साधारण सेकंदाला दोन उंचवटे. प्रोग्रॅम ती लय शोधतो. लाटण्यात तशी लय सापडली तर पाऊल पडलं. बादलीने हात जखडलेला असेल तर लय पुसट, मग पाऊल पडलंच नाही. म्हणजे हे यंत्र मोकळ्या हातांनी चालणाऱ्या माणसासाठी बनलंय. मोकळे हात आपल्याकडे कोणाचे असतात?

भारत सरकारच्या २०१९च्या वेळवापर सर्वेक्षणात याचं उत्तर आहे. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटं, आणि मुळात असे पुरुषच थोडे.

आणि हा दहा हजारांचा आकडा तरी कुठून आला? १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली होती. १९६५मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं एक यंत्र बाजारात आणलं, नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचं मीटर'. गोल, लक्षात राहणारा, विकायला सोपा आकडा. २०१९मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी १६,०००हून जास्त वयस्कर अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी होता, आणि साधारण ७,५००च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. मी एकदा अशाच एका अ‍ॅपवर काम करत होतो. कोडमध्ये १०००० हा आकडा सरळ लिहिलेला होता. का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "सगळ्यांचं तेवढंच असतं." मीही पुढच्या तिकिटाकडे वळलो.

आता कोणी म्हणेल, घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे. मान्य, अगदी मान्य. डेन्मार्कचे संशोधक आंद्रेयास होल्टरमान यांनी मांडलेला एक विरोधाभास आहे: फावल्या वेळातल्या हालचालीने तब्येत सुधारते, पण कामातल्या कष्टांनी तसा फायदा दिसत नाही, काही अभ्यासांत तर उलटंच दिसतं. कारणांवर वाद आहे, पण एक मुद्दा साधा आहे. फिरायला गेलेला माणूस दमला की थांबतो. आजीला अर्धवट उचललेली बाई थांबू शकत नाही. मग अशा बाईला दिवसाअखेर काय सांगायला हवं? बस म्हणून. आणि आपलं घड्याळ तिला सांगतं, उठ.

पावलं मोजूच नयेत असं मी म्हणत नाही. दिवसाचे दहा तास खुर्चीत काढणाऱ्या माझ्यासारख्याला ती थरथर हवीच. पण खुर्चीतल्या माणसासाठी केलेली पट्टी सगळ्यांना लावून वर त्यांचे गुण काढायचे, हा कुठला न्याय? काही विमा कंपन्या आता पावलांवर हप्त्यात सूट देतात. म्हणजे प्रीतिसंगमावर फिरणाऱ्याला सवलत, आणि सहा घरांच्या फरश्या उकिडवं बसून पुसणाऱ्या मावशींच्या नावावर निष्क्रियतेचा शिक्का. ऑफिसातल्या स्टेप चॅलेंजमध्ये घड्याळ हातात धरून हलवत बसणारे मी पाहिलेत, त्यांना बक्षिसंही मिळाली.

हे बदलणं अवघड नाही. घड्याळ सुरू करताना विचारा: दिवसभर काय काम करता? कोणाला उचलावं लागतं का? बसायला कधी मिळतं? दोन स्क्रीनचं काम आहे. ते होत नाही, कारण तो प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये कोणाला सुचतच नाही. आम्ही सगळे खुर्चीत बसलेले असतो.

आईच्या घड्याळातलं ध्येय मी काढून टाकलं, सूचनाही बंद केल्या. गच्चीतल्या फेऱ्या थांबल्या. गुडघे अजून दुखतातच. बाबांना मी आकडे दाखवले, वहीसकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आता धुण्याच्या बादल्या ते गच्चीत नेतात, आणि त्या वेळी पावलं मोजली जात नाहीत म्हणून माझ्याकडे तक्रार करतात.