आवाज गेला कुठे?

दोस्तांनो, फोन वाजतो. तुम्ही धावत जाऊन उचलता. पलीकडून मामाचा आवाज अगदी खणखणीत येतो. तुम्ही 'मामा, कधी येणार?' म्हणून विचारता, आणि पलीकडून काय येतं? 'हॅलो... हॅलो... अरे, कुणी बोलतंय का?' तुम्ही घसा ताणून ओरडता. शेजारच्या काकूंना ऐकू जातं, पण मामाला नाही!

म्हणजे फोनचा कान गेला. हो, कानच. आपण ज्यात बोलतो तो माईक म्हणजे फोनचा कान, आणि ज्यातून ऐकतो तो स्पीकर म्हणजे फोनचं तोंड. आज हा कान दुरुस्त कसा करायचा ते पाहू. पण आधी तो ऐकतो कसा, ते कळायला हवं ना?

एक फुगा फुगवा. दोन्ही हातांनी हलकेच धरून ओठांजवळ आणा आणि मोठ्याने 'आऽऽ' म्हणा. बोटांना थरथर जाणवली? आवाज म्हणजे हवेची थरथर, आणि त्या हवेने फुग्याचं रबर थरथरवलं. माईकमध्येही असाच एक पडदा असतो. तुमच्या आजोबांच्या काळातल्या काळ्या फोनमध्ये त्या पडद्यामागे कोळशाची बारीक भुकटी भरलेली असे. पडदा हलला की भुकटी दाबली जाई, सैल होई, आणि तारेतली वीज कमीजास्त होई. थॉमस एडिसनने १८७७ च्या सुमारास कार्बनचा असा माईक बनवण्यात मोठं काम केलं. ती भुकटी कधी कधी घट्ट बसे. मग लोक रिसीव्हर हातावर आपटत आणि फोन पुन्हा ऐकू लागे! आजोबांना विचारून पाहा.

तुमच्या स्मार्टफोनला मात्र आपटू नका बरं का! त्यात कोळसा नाही. त्यातला पडदा सिलिकॉनचा, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. त्याच्यासमोर भोकं असलेली एक पातळ पट्टी असते. पडदा थरथरला की दोघांमधलं अंतर कमीजास्त होतं, आणि त्यावरून फोन आवाजाचं विजेत रूपांतर करतो. एवढासा पडदा, आणि त्याच्याकडे जाणारी वाट म्हणजे फोनच्या खालच्या कडेचं टाचणीएवढं भोक!

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी गावी एकटी राहते. ती दर गुरुवारी नातीला फोन करायची. दोन गुरुवार नुसतं 'हॅलो हॅलो' झालं. आजीला वाटलं, पोरगी रुसली. तिसऱ्या गुरुवारी तिने फोन केलाच नाही. इकडे बाबा नवा फोन घेण्याचा हिशोब मांडून बसलेले. पण नव्या फोनचा खर्च त्या महिन्यात झेपणारा नव्हता. मी त्या मुलीला म्हटलं, 'आधी वैद्य हो. रोग कुठे आहे ते शोध. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तपासायचं. दहा गोष्टी एकदम केल्या, तर गुण कशाने आला ते कळणारच नाही.'

तुम्हीही तसंच करा. मोठ्यांना विचारून, त्यांच्यासमोर.

पहिली पायरी : फोन बंद करून पुन्हा सुरू करा. मग दुसऱ्याच कुणाला तरी फोन लावा. त्यांना नीट ऐकू आलं, तर बिघाड मामाच्या फोनमध्ये किंवा त्याच्या नेटवर्कमध्ये असू शकेल. बोलताना पडद्यावरचं 'म्यूट' बटण गालाने तर दाबलं जात नाही ना, तेही पाहा.

दुसरी पायरी : फोनमधलं रेकॉर्डर उघडा. एक ते दहा आकडे म्हणा आणि ऐका. ही खरी परीक्षा! आवाज स्वच्छ आला, तर माईक ठणठणीत आहे. मग बिघाड अॅपमध्ये शोधायचा. सेटिंग्जमध्ये प्रत्येक अॅपच्या परवानग्या दिसतात. तिथे मायक्रोफोनची परवानगी बंद असेल, तर ते अॅप बहिरंच राहणार. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२ पासून तर सगळ्या अॅपचा माईक एकदम बंद करणारं बटणही असतं. खेळता खेळता धाकट्या भावाने ते दाबलं असेल!

तिसरी पायरी : रेकॉर्डरमध्येही आवाज आला नाही, तर ब्लूटूथ बंद करा. कधी कधी कपाटात पडलेले इअरफोन फोनला जोडलेलेच असतात. आपण बोलतो फोनशी आणि फोन ऐकतो कपाटातलं! इअरफोनच्या खाचेत कचरा अडकला, तरी फोनला वाटतं की इअरफोन लावलेत.

चौथी पायरी : मागच्या कॅमेऱ्याने बोलत बोलत व्हिडिओ काढा. बऱ्याच फोनना दोन किंवा तीन माईक असतात. खालचा बोलण्यासाठी, वरचा आजूबाजूचा गोंगाट ओळखून वगळण्यासाठी. व्हिडिओतला आवाज चांगला आणि रेकॉर्डरमधला दबका असेल, तर खालच्याच माईकची वाट अडली असणार.

पाचवी पायरी : कव्हर काढा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. मग उजेडात भोक पाहा. धूळ दिसली, तर मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झाडा. टाचणी, सुई, काडी आत घालायची नाही! पडदा फाटला तर संपलंच. सिमकार्ड काढायचं भोक आणि माईकचं भोक दिसायला सारखीच असतात. फुंकरही मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

त्या मुलीचं काय झालं? पाचव्या पायरीवर चोर सापडला. नवं, फुलाफुलांचं कव्हर! दुसऱ्याच मॉडेलचं असल्याने त्याचं भोक माईकच्या भोकासमोर येतच नव्हतं. कव्हर काढलं आणि तिने लगेच गावी फोन लावला. मंगळवार होता. आजीने 'आज कसा काय?' म्हणून विचारलं, आणि या वेळी तिला उत्तर ऐकू आलं.

फोन पाण्यात पडला असेल, तर लगेच बंद करा, पुसा, चार्जिंगला लावू नका आणि हवेशीर जागी वाळू द्या. तांदळाच्या डब्यात खुपसू नका, त्याचे बारीक कण आत जातात.

आता आई-बाबांसाठी चार ओळी. पाचही पायऱ्या करून आवाज आला नाही, तर भाग खराब झाला असेल. पुष्कळ फोनमध्ये माईक चार्जिंगच्या छोट्या पट्टीवरच असतो आणि ती पट्टी बदलता येते. दुकानात देण्याआधी फोटो, नंबर दुसरीकडे साठवा आणि सिमकार्ड काढून घ्या. सगळं पुसून फोन कोरा करण्याचा उपाय अगदी शेवटी. आणि मूल 'माझ्या हातून पडला' असं सांगत आलं, तर आधी रागावू नका. भीतीने लपवलेला बिघाड अडचणीच्या वेळी उघडा पडतो. मुलाला ११२ वर मदत मागायची असेल, तेव्हा फोनला त्याचं बोलणं ऐकू यायलाच हवं.

दोस्तांनो, परवानग्या पाहताना आणखी एक गोष्ट तपासा. टॉर्चच्या अॅपला माईक कशाला हवा? त्याला तुमचं बोलणं ऐकायचं काय कारण? नको असेल तिथे परवानगी बंद करा. नव्या अँड्रॉइडमध्ये माईक चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, आयफोनमध्ये केशरी ठिपका. आपण बोलत नसताना तो दिसला, तर कोण ऐकतंय ते शोधा!

आता या आठवड्याचं कोडं. रेकॉर्ड केलेला आपलाच आवाज आपल्याला परका का वाटतो? आईला मात्र तो अगदी तुमचाच वाटतो! खूण सांगते : दोन्ही कानांत बोटं घाला आणि तोंड मिटून 'हंऽऽ' असं गुणगुणा. काय जाणवलं ते वहीत लिहा. उत्तर पुढच्या अंकात.